पोयट्यावर उमटलेले पाय

आत्ये, तू जिथं शेवटचा श्वास घेतलास त्या जागेवर बायकांनी ज्वारीचं पीठ चाळून पसरलं, मधोमध पणती ठेवली आणि वर डालगं पालथं घातलं. गेलेलं माणूस कोणत्या जन्माला गेलं ते पिठावरच्या खुणांवरून बघायचं, ही आपली रीत. चिमणीची नखं दिसली तर चिमणी, गाईचं खूर दिसलं तर गाय. दुसऱ्या दिवशी सकाळी डालगं उचललं आणि सगळ्याजणी माझ्याकडं वळल्या. शेजारची गोदाकाकू म्हणाली, "बिरू, तू आत्याच्या हाताखाली शिकलास. तुला पावलं कळत्यात. बघ की काय उमटलंय."

मी गुडघ्यावर बसलो. पीठ जवळजवळ सपाट होतं. एका कडेला दोन बारीक रेघा होत्या, त्या मुंगीच्या असतील नाहीतर वाऱ्याच्या. बायका श्वास धरून उभ्या होत्या. मी म्हणालो, "मला कळत नाही."

गोदाकाकूला ते आवडलं नाही. लष्करात जाऊन आल्यामुळं मी ह्या गोष्टींना हसतो असं तिला वाटलं. तसं नव्हतं, आत्ये. मला खरंच कळलं नाही. तू असतीस तर बघून सांगितलं असतंस. काहीच उमटलेलं नसेल तर तेही सांगितलं असतंस.

तुला वाचता येत नव्हतं, तरी हे लिहितोय. बोलायला आता समोर तू नाहीस. आणि लिहायला बसलं की आपल्या माणदेशाची बोली सुटून शाळेतली भाषा येते, त्याला माझा इलाज नाही. तू ऐकलं असतंस तर म्हणाली असतीस, "कुणाच्या तोंडानं बोलतोयस रं?"

इंग्रज गेले त्या साली तू तासगावला माझ्याकडं आलीस. भिलवडी स्टेशनावर मी बैलगाडी घेऊन उभा होतो. गार्डाच्या डब्यातून आधी दोन मोठी डालगी उतरली, मग तू उतरलीस. डालग्यांतून पांढऱ्या माना बाहेर आल्या आणि सगळ्या फलाटावर एकच कालवा झाला. सात बदकं! मी कपाळाला हात लावला.

"आत्ये, कोंबड्या आणल्या असत्यास तर एक वेळ समजलं असतं."

"कोंबडीला कोनबी संभाळंल," तू म्हणालीस.

पाचगणीला एका इंग्रजी शाळेच्या बागेत तू पंधरा वर्षं माळीणकाम केलंस. तिथली मेट्रन म्हातारी होती. स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांतल्या गोगलगायी खायला तिनं बदकं पाळली होती, आणि ती बदकं तुझ्या मागं फिरायची. मायदेशी निघताना ती तुला म्हणाली, की ही मी दुसऱ्या कुणाला देत नाही. तू तिचं बोलणं मला करून दाखवायचीस, तिचं मोडकं मराठी आणि तुझं मोडकं इंग्रजी एकाच दमात. सातांना सात नावं होती. पाटलीण, गवळण, पिठी, रुसवी, ढवळी, थोरली, आणि नर एकच, तो मास्तर. मला सगळी सारखी दिसायची. पांढरं बदक ते पांढरं बदक.

तेव्हा मी जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होतो, अजूनही आहे. त्याआधी चार वर्षं लष्करात खेचरांची मलमपट्टी केली होती, जंगलात, पावसात, गुडघाभर चिखलात. गळू कापणं, खूर साफ करणं, टाके घालणं, सगळं हाताखालून गेलं होतं. आपल्या वाडीवर मेंढराच्या पायाला काय झालं की म्हातारी माणसं काय काय बांधतात, ते आठवलं की मला हसू यायचं. मी शिकून आलो होतो ना!

तू आल्यावर महिनाभरात पाटलीण लंगडायला लागली. सातांत ती सगळ्यात जड. आपल्या परड्यात दगडी फरशी आणि मुरूम. पाण्याची डोण ओट्याखाली होती, आणि बदकं ओट्यावरून धपकन त्या फरशीवर उड्या टाकायची. पाचगणीला त्यांच्या पायाखाली गवत होतं. हे सगळं आज लिहिताना किती सोपं वाटतं! तेव्हा मी फक्त पाय बघितला. तळव्याच्या मधोमध सुपारीएवढी सूज, आणि त्या सुजेवर काळी, कडक खपली, जणू बाटलीचं बूच.

"गळू आहे," मी म्हणालो. "कापून पू काढला की मोकळं."

"थांब जरा," तू म्हणालीस. "आदी ती चालती कशावर ते बघू. जमीन बघू. मग जखम."

"आत्ये, मी हत्तीएवढ्या खेचरांचे पाय कापलेत."

तू पाटलिणीला मांडीवर घेतलंस, तिचं डोकं काखेत झाकलंस आणि पाय माझ्यापुढं धरलास. मी चाकू चालवला. खेचराच्या गळवात चाकू घातला की पू वाहतो, तशी मी वाट बघत होतो. काहीच वाहिलं नाही. पाखराचा पू वाहत नाही, तो आत खव्यासारखा घट्ट बसतो, हे मला माहीत नव्हतं. पू आणखी खोल असेल म्हणून मी आणखी खोल गेलो. रक्त आलं, खूप आलं. मी घट्ट पट्टी आवळली आणि हात धुतले. त्याच दुपारी ती डोणीत जाऊन बसली, आणि तिला अडवायला हवं हेसुद्धा मला सुचलं नाही. पाचव्या दिवशी तिचा पाय वरपर्यंत सुजून गरम झाला. सहाव्या दिवशी ती मेली.

तू मला एक शब्द बोलली नाहीस. त्या दिवशी भाकरी नेहमीसारखी केलीस, नेहमीसारखी वाढलीस. तू शिव्या घातल्या असत्यास तर मी उलटून बोललो असतो, भांडण झालं असतं आणि विषय संपला असता. तू गप्प राहिलीस म्हणून तो विषय दोन वर्षं आपल्या दोघांत बसून राहिला. माफी मी कधी मागितली नाही. ओठापर्यंत कितीदा आली, पण तोंडातून बाहेर पडायची "मीठ दे गं" एवढंच.

पाटलीण गेल्यावर दुसऱ्या दिवशी तू पाटी घेऊन येरळेच्या पात्राकडं गेलीस. गाळाचा बारीक पोयटा डोक्यावरून आणलास, एकदा नव्हे, सहा-सात वेळा. खुराड्याच्या दारापुढं हात-दीड हात रुंद पट्टा केलास, पाणी शिंपडून हातानं सारवल्यासारखा गुळगुळीत केलास. मी विचारलं, राख का नाही घेतलीस, घरात आयती आहे. तू म्हणालीस, "राकंनं पायाचं कातडं तडकतं. माझ्या बाच्या मेंढरांना आमी राकंवरनं कवाच न्हेलं न्हाई."

सकाळी दार उघडायचंस, बदकं ओळीनं त्या पट्ट्यावरून जायची, आणि मग तू उकिडवी बसून बघत राहायचीस. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मला वाटायचं, म्हातारपणी बाईला छंद लागला.

एके सकाळी तू म्हणालीस, "पिठीचा उजवा पाय बघ."

पिठी तुरुतुरु चालत होती. लंगडण्याचं नावही नव्हतं. "काय झालंय तिला?"

"अजून काय न्हाई झालं. चार दिसांनी व्हईल."

तुझी समजूत घालायची म्हणून मी तिला उचललं, पाय उलटा केला. बदकाच्या तळव्यावर बारीक खवल्यांची जाळी असते. त्या जाळीत एका जागी, ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागी, खवले झिजून गुळगुळीत झाले होते. तिथलं कातडं गुलाबी, चकचकीत होतं. मी बोट ठेवलं. आजूबाजूला गार, आणि तेवढ्याच जागी ऊन लागलं.

आत्ये, मी पुष्कळ हुशार डॉक्टर बघितलेत, गोरे आणि काळे. नळी लावून आजार ओळखणारे, नुसत्या श्वासाच्या आवाजावरून सांगणारे. पण जी जखम अजून झालीच नाही ती चिखलावर बघणारं माणूस मी तोवर बघितलं नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला, आणि मी तो तुला दिसू दिला नाही. म्हणालो, "योगायोग असेल."

तू नुसती हसलीस. "लावतोस का पैज?"

पैज अशी ठरली: तू घरात भिंतीकडं तोंड करून बसायचं. मी परड्यात एकेक बदक सोडायचं, ते पट्ट्यावरून पार गेलं की झाकून ठेवायचं. मग तू येऊन पोयटा बघून सांगायचंस की कोण गेलं. दर वेळी पट्टा नवा सारवायचा. मी मुद्दाम सगळ्यात सारखी दिसणारी दोन आधी सोडली, गवळण आणि ढवळी. पोयटा खराब होऊ नये म्हणून बूट काढून अनवाणी फिरलो.

"गवळण," तू म्हणालीस. "ती डावं बोट आत घालती." मग, "ढवळी. लांब टांगा टाकती, घाई हाय तिला." रुसवी थांबून थांबून चालते, दर चौथ्या पावलाला जोडपाऊल. मास्तर नर असल्यानं अंगानं रुंद, त्याच्या पायांत अंतर जास्त. पिठी उजवा पाय अंग चोरून टाकते, बोटांमधल्या पडद्याची कड उमटत नाही. थोरली म्हातारी, नखं घासते. सहाच्या सहा! एकदाही अडखळली नाहीस. मी बोटांवर मोजत उभा होतो.

"झाली सहा," मी म्हणालो. "जिंकलीस."

तू अजून खालीच बघत होतीस. "सातवं सांगू का?"

मला वाटलं, तू आता पाटलिणीचं काढणार. "सातवं मेलं, आत्ये."

"सातवं तू," तू म्हणालीस. "डाव्या टाचंवर भार टाकत न्हाईस. किती दिसांचं हाय ते?"

मी म्हणालो, "कुठं काय."

"बिरू."

लढाईतल्या त्या जंगलात माझ्या डाव्या टाचेखाली एक फोड झाला होता. तो भरायचा, पुन्हा फुटायचा. दोन वर्षं मी त्यात कापूस कोंबून, वर बूट घालून चालत होतो. लंगडू नये म्हणून चालण्याची एक पद्धतच बसवली होती. दवाखान्यात कळलं असतं तर अधू म्हणून घरी बसवलं असतं. तू लग्नाचं काढलंस की मी उठून जायचो, त्याचंही कारण तेच, आणि ते तू कोणालाही न विचारता त्या गाळाच्या पट्ट्यावर वाचलंस. लष्करातल्या तपासणीत माझ्यापुढून चार डॉक्टर गेले, त्यांना दिसलं नव्हतं. मी तिथंच भिंतीला टेकून बसलो आणि लहान पोरासारखा रडलो.

तू माझा पाय मांडीवर घेतलास. मी ओढायला लागलो. थोरल्या माणसानं धाकट्याच्या पायाला हात लावायचा नसतो, पाप लागतं मला. तू पाय घट्ट धरून म्हणालीस, "बदकाचा चालतो, तुजा न्हाई व्हय?"

त्या दिवसापासून आपल्या परड्यात दोन रोगी, एक पिठी आणि एक मी. दोघांचं औषध एकच. जर्मनच्या पातेल्यात कडुनिंबाचा पाला घालून पाणी उकळायचं, हाताला सोसेल इतकं निवू द्यायचं, त्यात मूठभर मीठ. पाय त्यात बुडवून ठेवायचा, पाणी कोमट होईपर्यंत. मग स्वच्छ फडक्यानं टिपायचा, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा ओल ठेवायची नाही. त्यावर टिंक्चर आयोडीन. मिठाच्या पाण्याचं आणि आयोडीनचं तुला मेट्रननं शिकवलं होतं, पावलं बघायचं तुझ्या बापानं. तू दोघांनाही मान द्यायचीस, सारखाच. आपलं म्हणून धरलं नाहीस आणि परकं म्हणून टाकलं नाहीस. मला चार वर्षं लष्करात राहूनही हे जमलं नव्हतं.

पिठीला तू वाळल्या गवताच्या जाड थरावर ठेवलंस आणि गवत रोज बदललंस. ओलं, घाणेरडं गवत म्हणजे पायाला विष, म्हणायचीस. पाणी दिलंस ते चोच आणि डोळे धुण्यापुरतं, पोहायला नाही. दाणा कमी केलास, पाला वाढवलास. "जडपणा पायावर उतरतो," म्हणालीस. आठ दिवसांत तिच्या तळव्यावरचा गुलाबी ठिपका फिका झाला, पंधरा दिवसांत खवल्यांची जाळी पुन्हा दिसायला लागली. सूज आलीच नाही. जी जखम होणार होती ती झालीच नाही, आणि हे आपल्या दोघांशिवाय जगात कुणाला कळलं नाही.

परड्यातली फरशी मी काढायला घेतली ती त्याच आठवड्यात. तू सांगितलं नव्हतंस. एकेक दगड पहारेनं उचकटून बाहेर टाकला, खाली माती भरली, हरळी लावली. ओट्याला मातीचा उतार केला, बदकांना उडी मारायला लागू नये म्हणून. तू दारात उभी राहून बघत होतीस. काम संपल्यावर गुळाचा चहा आणून दिलास आणि म्हणालीस, "पाटलीन असती तर हितं लोळली असती." दोन वर्षांत तिचं नाव तू एवढ्याच वेळी घेतलंस. माफी मागायची ती वेळ होती. मी चहा प्यालो.

माझी टाच पिठीसारखी लवकर ऐकेना. दहा-बारा दिवस शेकून झाले आणि एका सकाळी जखमेच्या कडेला काहीतरी टोचायला लागलं. तू चिमट्यानं हळूच ओढलंस. काळी पडलेली, नखाएवढी बांबूची कुसळी! त्या जंगलातली. दोन वर्षं मी ती अंगात घेऊन हिंडत होतो. तू ती तळहातावर घेऊन उन्हात धरलीस, उलटीपालटी केलीस, जशी एखादी नवी बी बघावी.

"बघ," म्हणालीस, "चाकू लागला का?"

तिथून आपलं ते भांडण सुरू झालं. तू म्हणायचीस, चाकू उशिरा आलेल्या माणसाला लागतो, जो रोज पावलं बघतो त्याला लागत नाही. मी म्हणायचो, आत्ये, सगळी माणसं तुझ्यासारखी रोज बघत नाहीत, जनावर आमच्याकडं येतं तेव्हा उशीर झालेलाच असतो, मग काय करायचं? तू म्हणायचीस, त्याला लवकर यायला शिकवायचं. मी म्हणायचो, आणि तोवर? रोज जेवताना हे. गोदाकाकू म्हणायची, ही दोघं पंचायतीत बसल्यासारखी भांडत्यात.

टाच भरून आली. चाळीसेक दिवसांनी मी पहिल्यांदा येरळेच्या वाळूत अनवाणी चाललो. मागं वळून माझीच पावलं बघितली. दोन्ही टाचा सारख्या उमटल्या होत्या.

मग मास्तरची पाळी आली. गेल्या वर्षी तू दोन महिने वाडीवर राहिलीस, भावकीतल्या बाळंतिणीसाठी. बदकं माझ्यावर सोपवून गेलीस. मी पोयटा सारवायचो, पण घाईत. दवाखान्याची वेळ व्हायची. परत आलीस त्या सकाळी दार उघडलंस, बदकं गेली, आणि तू पट्ट्याकडं न बघताच मास्तरला उचललंस. त्याच्या डाव्या तळव्यावर काळं बूच बसलं होतं. पाटलिणीसारखं. माझी नजर वर होईना.

तू तीन दिवस त्याला शेकलंस. चौथ्या सकाळी त्याला मांडीवर घेऊन बसलीस, डोकं काखेत झाकलंस आणि पाय माझ्यापुढं धरलास. अगदी पहिल्या वेळेसारखा.

"काप," म्हणालीस.

"आत्ये, मी नाही."

"आत दाना धरलाय. शेकून निघायचा न्हाई. मला जमत न्हाई, माजं डोळं गेलं. तू काप."

एका हातानं तू मास्तरला धरलं होतंस, दुसरा हात तू माझ्या मनगटावर ठेवलास. ज्या हातानं तुझी पाटलीण गेली त्याच हातात तू दुसऱ्यांदा पाय देत होतीस. तुझ्या चेहऱ्यावर भीती नव्हती, आणि मला धीर देण्याचा आवही नव्हता. मी काम करीन अशी तुझी खात्री होती, एवढंच. माणूस माणसावर असा विश्वास टाकू शकतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मी चाकू आणि चिमटा उकळत्या पाण्यात ठेवला. हात धुतले. मऊ झालेल्या खपलीची कड नुसती उचलली, खोल गेलो नाही, शोधत बसलो नाही. दोन बोटांनी बाजूनं दाबलं. आणि मक्याच्या दाण्यासारखा पिवळट, घट्ट, खाली मुळासारखी शेपटी असलेला दाणा अख्खाच्या अख्खा वर आला. थेंबभर रक्त. आयोडीननं धुतलं, सल्फाची पूड भरली, वर कापसाची गादी आणि सैल पट्टी. तीन आठवडे रोज पट्टी बदलली, पाण्यात जाऊ दिलं नाही. मास्तर त्या तीन आठवड्यांत आपल्याला इतका ओरडला की गोदाकाकू विचारायला आली, कुणाला मारताय म्हणून.

"लागला ना चाकू?" मी म्हणालो.

"उशीर कुनी केला?" तू म्हणालीस. त्या भांडणाचा निकाल लागला नाही, आत्ये. मला अजून वाटतं, तुझं बरोबर होतं आणि माझंही बरोबर होतं. आता भांडायला कुणी नाही म्हणून मी सोडून देतो असं समजू नकोस.

यंदा पावसाळा सरताना तुझ्या छातीत कफ धरला. डॉक्टर येऊन गेले, औषध झालं, ताप उतरेना. तुझी खाट मी परड्याच्या दारात आणून टाकली, बदकं दिसावीत म्हणून. एका दुपारी तू विचारलंस, "बिरू, तुज्या त्या खेचरांचं काय झालं रं? लढाई सरल्यावर कुटं गेली?"

हा प्रश्न मला दुसऱ्या कोणी विचारला की मी "सरकारजमा" म्हणून मोकळा व्हायचो. तुला तसं सांगवेना. मी खाटेजवळ खाली बसलो आणि सांगितलं. आम्हाला एका दिवसात नदी ओलांडून मागं यायचं होतं. चिखलानं कितीतरी खेचरांचे खूर कुजले होते. साहेब म्हणाला, चालणारी इकडं आणि न चालणारी तिकडं, आणि ते निवडायचं काम ड्रेसरचं. मी एकेक लगाम धरून निवडलं. अकरा तिकडं गेली. मी पाठ फिरवली. गोळ्यांचे आवाज मोजले. त्यांतल्या चौघांचे खूर कोरड्या जमिनीवर आठ दिवसांत भरून आले असते, आत्ये, हे मला तुझी बदकं बघितल्यावर कळलं. तेव्हा मला पाऊल वाचता येत नव्हतं. आणि आठ दिवस तर कुणाकडंच नव्हते.

तू डोळे मिटून घेतलेस. मला वाटलं, झोप लागली. मग विचारलंस, "नावं काय व्हती?"

"नावं नसतात गं. खुरावर नंबर डागतात."

"तू ठेवली असशील."

ठेवली होती. लष्करात कोणाला माहीत नव्हती. मी एकेक सांगायला लागलो आणि प्रत्येक नाव तू माझ्या मागून म्हणालीस. कारभारी. तांबडी. हौशा. पवना, तो शिट्टी ऐकली की कान टवकारायचा. भोरडी. एकेक नाव तुझ्या तोंडून बाहेर पडलं की माझ्या छातीवरचं थोडं थोडं उतरत होतं. दहा झाली. अकरावं सांगताना मी अडलो, कारण ते तुझं नाव होतं. ती मादी तुकडीच्या मागं राहायची, जी लंगडत असेल तिच्या बाजूनं चालायची आणि कितीही हाकललं तरी पुढं जायची नाही, म्हणून मी तिला ठकू म्हणायचो; शेवटी तिचाही खूर कुजला. तुझे डोळे मिटले होते. मी ते नाव अगदी हळू घेतलं. तुझ्याकडून काही आलं नाही. तू ऐकलं नाहीस म्हणून मला बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेज घेऊन आलो. बदकं सुटली होती, परड्यात ऊन आलं होतं. तू डोळे न उघडता म्हणालीस, "अकरावी लय हट्टी व्हती का रं?"

मी वाटी खाटेच्या कडेला टेकवली. मी म्हणालो, "व्हय, आत्ये. लय."

"मग ती भ्याली न्हाई, बिरू," तू म्हणालीस, आणि पेजेसाठी तोंड उघडलंस.